क्योलुरच्या ओल्या खडीत

गुटलफॉस धबधब्यापाशी पर्यटकांच्या बसगाड्या माघारी वळतात. धबधबा बघायचा, फोटो काढायचे, तिथल्या उपाहारगृहातलं मेंढीच्या मटणाचं गरम सूप प्यायचं आणि संध्याकाळच्या आत रेक्याविक गाठायचं, असा सगळ्यांचा ठरलेला कार्यक्रम. धबधब्याच्या पुढे थोड्याच अंतरावर डांबर संपतं आणि क्योलुरचा रस्ता सुरू होतो. नकाशावर त्याचं नाव एफ-३५. डाव्या हाताला लांगयोकुट्ल आणि उजव्या हाताला होफ्सयोकुट्ल असे दोन अफाट हिमटोप, आणि त्यांच्या मधून उत्तरेकडे निघालेली ही खडीची वाट. आइसलंडचे लोक शतकानुशतकं घोड्यांवरून दक्षिणेतून उत्तरेत याच वाटेने जात. आजही ती फक्त उन्हाळ्यातले काही महिने उघडी असते आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय तिच्यावर जाण्यात शहाणपण नाही.

आमच्या गाडीचा चालक वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होता, आणि मी आयुष्यभर कॉलेजात हाच विषय शिकवलेली. त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी थांबवण्याबद्दल आमच्यात वाद नव्हता. मागच्या सीटवरच्या मंडळींचं मत वेगळं असावं. त्यांना ह्वेरावेट्लिरच्या गरम पाण्याच्या कुंडात लवकरात लवकर उतरायचं होतं, आणि बाहेर तर राखाडी खडी, वारा आणि आणखी खडी एवढंच दिसत होतं. खरं सांगायचं तर माणूस उभा असताना क्योलुरवर वनस्पती अशा दिसतच नाहीत. त्यासाठी खाली बसावं लागतं.

आपोआप उगवणाऱ्या, म्हणजे देशी म्हणता येतील अशा, बीजधारी वनस्पती आणि नेचे मिळून आइसलंडमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास जाती आहेत. एकट्या महाराष्ट्रात फुलझाडांच्या जाती तीन हजारांच्या पुढे जातात, हे लक्षात घेतलं की या बेटाची गरिबी कळते. पण जे आहे ते जिद्दीचं आहे. होल्तासोलेची आठ पाकळ्यांची पांढरी फुलं वाऱ्यावर सूर्याच्या दिशेने तोंड करून असतात. २००४ मध्ये आइसलंडच्या लोकांनी तिला आपलं राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं. लाम्बाग्रासच्या घट्ट हिरव्या गाद्यांवर गुलाबी फुलं गर्दी करतात. आणि सखल भागात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, निळ्या-जांभळ्या ल्युपिनचे ताटवेच्या ताटवे. पर्यटक सगळ्यात जास्त फोटो या ल्युपिनचे काढतात, तर तो मुळात इथला नाहीच. धूप थांबवायला म्हणून १९४५ मध्ये तो अलास्काहून आणला, आणि आता तो कुठे थांबवायचा हा प्रश्न पडलाय. आमचा चालक त्याच्याकडे बघून नुसतं नाक मुरडायचा.

मला हवी होती ती वनस्पती या सगळ्यांच्या खालच्या पायरीवरची. आइसलंडमध्ये तिला नाफ्लाग्रास म्हणतात, शास्त्रीय नाव कोनिगिया इस्लांडिका. नावात गवत असलं तरी ती गवत नाही. ती दुर्मीळही नाही. आइसलंडभर, समुद्रकाठापासून डोंगरापर्यंत, जिथे म्हणून उघडी, ओली, गार जमीन आहे तिथे ती असते. अडचण आहे ती आकाराची.

उतारावर बर्फाचा एक मळका पट्टा अजून टिकून होता. त्याच्या पायथ्याशी पाणी झिरपून खडी काळी पडली होती, कडेला शेवाळ धरलं होतं. चालकाने तिथे गाडी उभी केली आणि बोट दाखवलं. मला आधी लाल ठिपके दिसले. गुडघे टेकून भिंग लावलं तेव्हा त्या ठिपक्यांचे देठ झाले: तांबूस, धाग्यासारखे बारीक, उंचीला दोन-तीन सेंटीमीटर. त्यांच्यावर गोलसर, किंचित मांसल पानं, आणि शेंड्याला पानांच्याच कुशीत फुलांचा गुच्छ. एकेक फूल मोहरीच्या दाण्याएवढं. हिरवट पांढऱ्या रंगाची तीन परिदलं, त्यांच्या मध्ये तीन पुंकेसर. पाकळ्या आणि संदलं असा वेगळा भेद नाही. एका तळहाताखाली अशी पन्नासएक रोपं सहज झाकली असती, म्हणून हात टेकतानासुद्धा जागा बघावी लागत होती.

या रोपाचं खरं नवल त्याच्या आयुष्याच्या हिशेबात आहे. ध्रुवप्रदेशातल्या बहुतेक सगळ्या वनस्पती बहुवर्षायू असतात, आणि ते समजण्यासारखं आहे. उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात रुजणं, वाढणं, फुलणं आणि बी पक्कं करणं हे सगळं जमेलच याची खात्री नसते. म्हणून मुळांत आणि खोडांत साठा करायचा, एखादा उन्हाळा वाया गेला तर पुढच्याची वाट बघायची, हा तिथला सर्वमान्य मार्ग. लाम्बाग्रासची गादी दशकानुदशकं जगते. कोनिगिया मात्र वर्षायू. बर्फ वितळल्यावर रुजते, जुलैमध्ये फुलते आणि थंडी परतण्यापूर्वी बी टाकून मरते. आर्क्टिकमध्ये हा मार्ग पत्करणाऱ्या वनस्पती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तिला तो परवडतो याची कारणं तिच्या आकारातच आहेत. उभं राहायला काही लागत नाही, त्यामुळे वेळही लागत नाही. काही रोपं तर पहिल्या एक-दोन पानांवरच फुलं धरतात. किडा आला तर उत्तम, पण त्याच्यावाचून अडत नाही. बहुधा स्वतःच्याच परागांनी फळ धरतं. आणि एखाद्या वाईट उन्हाळ्यात सगळी रोपं गेली तरी मातीत मागच्या वर्षांचं बी पडून असतं.

तिचा शत्रू थंडी नव्हे, शेजारी आणि कोरडेपणा. गवत दाट झालं की तिच्यावर सावली पडते आणि ती संपते. म्हणून ती अशाच जागा धरते जिथे जमीन स्वस्थ बसत नाही. गोठण्या-वितळण्याने खडी वरखाली होते, वितळलेलं पाणी वाहून जातं, मोठ्या झाडांची मुळं तुटतात. ऊन जास्त झालं आणि खडी वाळली की मात्र तिचं काही खरं नसतं.

या रोपाच्या नावात दडलेला माणूस आपल्याला अगदीच परका नाही. योहान गेरहार्ड कोनिग १७२८ मध्ये आजच्या लाटव्हियाच्या भागात जन्मला. आधी औषधं बनवण्याचं काम केलं, मग उप्सालाला लिनियसकडे शिकला, आणि पुढे डेन्मार्कमध्ये राहिला. डेन्मार्कच्या राजाच्या पैशातून तेव्हा ‘फ्लोरा डानिका’ नावाचा एक अवाढव्य चित्रग्रंथ निघत होता. राजाच्या मुलखातली प्रत्येक रानटी वनस्पती ताम्रपटावर कोरून छापायची, असा तो बेत. १७६१ मध्ये सुरू झालेलं ते काम १८८३ पर्यंत चाललं, म्हणजे सुरू करणारे कोणीच शेवट बघायला उरले नाहीत. आइसलंड त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होतं. तिथल्या वनस्पती गोळा करायला कोनिगला १७६४-६५ मध्ये पाठवलं. तेव्हा ना रस्ते, ना भिंगापलीकडची साधनं. तरीही मोहरीएवढ्या फुलाचं हे रोप त्याच्या नजरेतून सुटलं नाही, आणि मला वाटतं त्याच्या योग्यतेचा याहून मोठा दाखला देण्याची गरज नाही.

लिनियसने १७६७ मध्ये या रोपासाठी नवी प्रजातीच केली आणि तिला शिष्याचं नाव दिलं. त्याची वर्गीकरणाची पद्धत मोजणीची होती. फुलातले पुंकेसर मोजा, कुक्षी मोजा आणि त्या आकड्यांनी ठरलेल्या कप्प्यात वनस्पती टाका. तीन पुंकेसर आणि तीन कुक्षी म्हणून कोनिगिया तीन-तीनच्या कप्प्यात गेली. त्या कप्प्यातल्या बाकीच्या वनस्पतींशी तिचं नातं फारसं नव्हतं. पण वर्गात विद्यार्थ्यांना पहिल्यांदा फूल उकलून दाखवायचं असेल तर अजूनही मी लिनियसच्याच वाटेने जाते, कारण बोटांनी मोजता येईल असं काहीतरी हाताशी असावं लागतं.

त्याच १७६७ साली कोनिग युरोप सोडून निघाला आणि पुढच्या वर्षी तरंगंबाडीला पोहोचला. तमिळ किनाऱ्यावरची ही डेन्मार्कची वसाहत १६२० पासूनची, तंजावरच्या राजाकडून घेतलेल्या जागेवर उभी राहिलेली. तो उतरला तेव्हा तंजावरच्या गादीवर आपलेच भोसले होते, तुळजाजी राजे. कोनिग आला होता तिथल्या मिशनचा वैद्य म्हणून, पण वैद्यकीपेक्षा पानाफुलांकडे त्याचं लक्ष जास्त. मिशनच्या तुटपुंज्या पगारात फिरणं भागेना, म्हणून १७७४ मध्ये अर्काटच्या नवाबाची चाकरी धरली. १७७८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला निसर्गशास्त्रज्ञ नेमलं, आणि तो सयाम आणि मलाक्कापर्यंत जाऊन आला. मधल्या काळात त्याने वाळवीचा बारकाईने अभ्यास केला आणि १७७९ मध्ये त्यावर निबंध छापला. १७८५ मध्ये काकिनाड्याजवळ तो आजारी पडला. विल्यम रॉक्सबर्गने, पुढे भारतीय वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून गाजलेल्या माणसाने, त्याच्यावर उपचार केले, पण तो वाचला नाही. कागदपत्रं लंडनला जोसेफ बँक्सकडे गेली.

भारतातून त्याने लिनियसला पाठवलेल्या वनस्पतींत एक होती कढीपत्त्याची. १७७१ मध्ये लिनियसने तिला बर्गेरा कोनिगी हे नाव दिलं. पुढे श्प्रेंगेलने ती मुराया प्रजातीत हलवली, म्हणून आपण मुराया कोनिगी शिकलो. आता ती पुन्हा बर्गेरात गेली आहे. प्रजाती बदलत राहिली, ‘कोनिगी’ जागचं हललं नाही. क्योलुरच्या खडीतलं रोप आणि आपल्या फोडणीतलं पान, दोन्हींवर एकाच माणसाचं नाव आहे. ह्वेरावेट्लिरला रात्री जेवताना मी हे चालकाला सांगितलं. त्याला कढीपत्ता ठाऊक नव्हता, पण कोनिग भारतात गेला एवढं ठाऊक होतं. एवढ्या लहान देशात आपल्या वनस्पतींचा इतिहास इतका घरोघर माहीत असतो, याचं मला कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही.

नावात आइसलंड असलं तरी ही वनस्पती एकट्या आइसलंडची नाही. ग्रीनलंड, फेरो बेटं, स्वालबार्ड, नॉर्वे-स्वीडनचे डोंगर, तिथून सायबेरिया, कामचात्का, अलास्का आणि उत्तर कॅनडा असं ध्रुवाभोवतीचं जवळजवळ पूर्ण कडं तिने धरलं आहे. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या माथ्यांवरून ती कोलोरॅडोपर्यंत उतरते. शिवाय पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, तिएरा देल फुएगोमध्येही ती आहे. तिथली रोपं एकेकाळी वेगळी जात मानली गेली होती, पण तो भेद टिकला नाही. मधल्या हजारो किलोमीटरांत, उष्ण कटिबंधात, काही नाही. मग ती पोहोचली कशी? सर्वात पटणारं उत्तर पक्ष्यांचं आहे. आर्क्टिकमध्ये घरटी करून हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाणारे चिखलपायटे पक्षी असतात. ते नेमके ओल्या खडीतच चरतात, आणि पायाला चिकटलेल्या चिखलात एवढंसं बी सहज जाऊ शकतं. एकच बी पोहोचलं तरी पुरे, कारण फळ धरायला तिला दुसऱ्या रोपाची गरज नाही.

स्कॉटलंडची गोष्ट मात्र पक्ष्यांवर ढकलता येत नाही. परतीच्या वाटेवर ग्लासगोला भाचीकडे मुक्काम होता, तेव्हा स्काय बेटावर स्टॉरच्या कड्याखाली जाऊन आले. बेसॉल्टचे कडे, धुकं आणि वर चढणाऱ्या माणसांची रांग. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो काळा खडक बघून ओळखीचं वाटतं, आणि तेही खरंच आहे, दोन्हीकडचा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचाच. या परिसरातून १९३४ मध्ये कोणीतरी एक लहान रोप गोळा केलं होतं. दुसऱ्याच एका, दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतीच्या नावाखाली ते कागदावर चिकटून राहिलं. १९५० मध्ये क्यूच्या वनस्पतिसंग्रहात बी. एल. बर्ट यांनी ते पाहिलं आणि ओळखलं की ही तर कोनिगिया. तोपर्यंत ब्रिटनमध्ये ती आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. पुढे मल बेटावरही ती सापडली. ब्रिटनमध्ये आजवर ती या दोनच बेटांवर मिळाली आहे.

ती तिथे नव्याने आलेली नाही, हे परागकणांनी सांगितलं. कोनिगियाच्या परागकणांवर बारीक काटे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते पटकन ओळखू येतात. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस साचलेल्या, दहा हजार वर्षांहून जुन्या गाळात, ब्रिटनमध्ये आज ती नसलेल्या ठिकाणीही असे काटेरी कण सापडले आहेत. म्हणजे बर्फ मागे हटत होता तेव्हा ती सगळीकडे पसरलेली असणार. मग हवा उबदार झाली, गवत आणि झाडं आली, आणि तिच्या वाट्याला पाणी ठिबकणारे हे गार कडे तेवढे उरले. हवा आणखी तापली तर तिला वर सरकायला स्टॉरवर फारशी उंची शिल्लक नाही.

हेच काटेरी पराग तिच्या वर्गीकरणातही कामाला आले. कोनिगिया चुक्याच्या कुळातली. आपला आंबट चुका, उपासाचा कुट्टू आणि रुबार्ब हे तिचे भाऊबंद. पण त्या कुळात तिची नेमकी जागा कुठे? दीडशे वर्षांहून अधिक काळ ती बहुतेकांच्या लेखी प्रजातीत एकटीच होती. ओलोव्ह हेडबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या कुळातल्या पॉलिगोनम गटाचे पराग तपासले आणि जुने कप्पे मोडायला सुरुवात केली. त्यानंतर आफ्रिकेच्या उंच पर्वतांवरच्या वनस्पतींवर त्याने आयुष्य घालवलं. तरी १९९७ मध्ये, पन्नास वर्षांनी, तो कोनिगियाकडे परतला आणि प्रजाती नव्याने मांडली. तिच्यात आता सहा जाती होत्या. त्यांतली आर्क्टिकमध्ये आढळणारी एकच, बाकी सगळ्या हिमालयातल्या आणि पश्चिम चीनच्या डोंगरांतल्या.

आणि कोनिगिया इस्लांडिका स्वतःही हिमालयात आहे. काश्मीरपासून भूतानपर्यंत आणि तिबेटच्या बाजूलाही, बर्फाच्या पाण्याने भिजलेल्या खडीत, साधारण ३,००० ते ४,९०० मीटर उंचीवर ती मिळते. सगळे जवळचे नातेवाईक एका डोंगररांगेत आणि एकच जात जगभर, असा नकाशा समोर आला की या प्रजातीचं मूळ घर कुठे असावं याचा अंदाज बांधता येतो. ती हिमालयाच्या परिसरातून उत्तरेला गेली असण्याचीच शक्यता जास्त. पण पहिल्यांदा वाकून तिला पाहणारा शास्त्रज्ञ आइसलंडमध्ये होता, म्हणून तिच्या नावात आइसलंड बसलं. कोनिग आइसलंडहून भारताकडे आला. त्याच्या नावाची वनस्पती फार पूर्वी बहुधा उलट दिशेने गेली होती.

यापुढचा फेरफार २०१५ मध्ये झाला, या वेळी डीएनएच्या आधारावर. रेणूंची तुलना करता असं दिसलं की हिमालयातले आणि आशियातले मोठाले, झुडपांसारखे वाढणारे बरेच ‘नॉटवीड’ आणि हे इवलंसं रोप एकाच फांदीवरचे आहेत. त्यांना वेगवेगळ्या प्रजातींत ठेवणं धरून राहत नव्हतं. एकत्र करायचं तर नाव कोणाचं ठेवायचं? वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा की जुनं नाव जिंकतं. बाकीची नावं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली, कोनिगिया १७६७ ची. त्यामुळे कितीतरी मोठ्या जाती या सगळ्यात बुटक्या नातेवाइकाच्या नावाखाली आल्या. वर्गीकरणातले बदल विद्यार्थ्यांना शिकवणं हे कंटाळवाणं काम असतं, हे मी अनुभवाने सांगते, पण हा बदल मला मनापासून आवडला.

त्यातली एक जात आपल्याकडच्या पुष्कळांनी बघितलेली असणार. महाराष्ट्रातून जुलै-ऑगस्टमध्ये शेकड्याने लोक घांगरियाला मुक्काम करून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये जातात. तिथे पुरुषभर उंचीचं, पांढऱ्या तुऱ्यांचं एक झाड उतारच्या उतार व्यापून बसलेलं दिसतं. स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. पूर्वीच्या पुस्तकांत ते पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम होतं, आता कोनिगिया पॉलिस्टॅकिया आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पाठोपाठ गुराढोरांना आणि मेंढ्यांना बंदी झाली. चराई थांबल्यानेच हे माजलं असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पुरेसं कारण वाटत नाही. वनखातं माणसं लावून ते उपटतं, ढीग घालतं, आणि पुढच्या पावसात ते पुन्हा उगवतं. मी तिथे गेले होते तेव्हा वाटाड्याने त्या ढिगाकडे बोट दाखवून ‘हे वाईट’ असं दोन शब्दांत निकालात काढलं होतं.

त्याची धाकटी बहीण बघायची असेल तर या उतारांपेक्षा बरंच वर जावं लागेल, जिथे झुडपं संपतात आणि ऑगस्टमध्येही घळीत बर्फ असतो. बर्फाच्या खालच्या कडेला, पाणी झिरपतं तिथली ओली खडी बघायची. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. गुडघ्याखाली टाकायला प्लॅस्टिकचा तुकडा जवळ ठेवावा, आणि सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावं की वेळ लागेल.